पाचव्या वर्षाचा फोन

रजिस्टरला रकाने अकरा.
वय. पाळी चालू की गेलेली. गाठ किती सेंटिमीटर.
काखेतल्या काढल्या किती, त्यांतल्या बाधित किती.
ग्रेड. रिसेप्टर. उशीर किती.
केमोचे डोस ठरले किती, झाले किती.
शेवटचा रकाना पेन्सिलीनं भरायचा:
जिवंत, मृत, संपर्क नाही.

मिरजेत दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर बसते मी.
पुरानंतर कागद तळघरातून वर आणले,
कागदांबरोबर मलाही.

पद्मावती मगदूम, कवठेपिरान.
त्रेचाळीस वर्षं. गाठ तीन पूर्णांक एक.
चौदातल्या चार बाधित.

आयर्विनखाली पाणी किती फूट
हे सांगलीत शाळेतलं पोरही सांगतं,
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
बाईच्या काखेत कितीला इशारा, कितीला धोका,
हे तिनं ऐकलं ते पडद्याआडून,
डॉक्टर नवऱ्याला सांगत होते तेव्हा.

उशीर: सात महिने.
का, असा रकाना नाही.
समासात मीच लिहून ठेवलंय बारीक अक्षरात:
हळद काढायची होती. मग शिजवायची. मग पॉलिशला द्यायची.
मग सौदा मनासारखा निघेना.
मग धाकट्या जावेचं बाळंतपण.
आंघोळीला हात तिथून वळवून न्यायची सवयच लागली, म्हणाली,
निजलेल्या मांजराला वळसा घालतो तशी.

सहावा डोस होता त्या आठवड्यात
गावाला वारणेनं वेढा घातला.
बोटीत आधी बाळंतिणी, मग म्हातारी माणसं.
मी कुठं आजारी दिसतीया, म्हणून ही मागं राहिली.
डोक्यावर पदर घट्ट.
पदराखाली केस नाहीत
हे बोटवाल्याला कसं कळावं?
रजिस्टरात एवढंच: ठरले सहा, झाले पाच.

सरांनी एकदा आलेख दाखवला.
एक रेघ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली येणारी,
कृष्णाघाटासारखी.
दर पायरीला कुणीतरी गेलेलं.
आणि मधे ह्या बारीक उभ्या खुणा?
त्या संपर्क नाहीच्या, म्हणाले.
बुडाल्या म्हणता येत नाही, घरी परतल्या असंही नाही;
घाटावर नुसत्या चपला दिसाव्यात तशा.

आज सकाळपासून बावीस फोन.
विट्याच्या कोष्टीणबाईंच्या घरी मागाचा खडखडाट,
त्यातूनच मुलगा म्हणाला, आई जाऊन दोन वर्षं झाली.
माग थांबला नाही.
तारीख विचारावी लागते.
विचारली.

मगदूमांचा पहिला नंबर आता नांदेडच्या कुणाचातरी.
दुसरा बंद.
तिसऱ्यावर नुसतीच रिंग, दुपारभर.
पेन्सिल 'सं'पर्यंत आली होती.
मग काय सुचलं, गावच्या दूध संस्थेचा नंबर शोधला.

"मगदूम अक्का? आत्ताच गेल्या की दूध घालून.
साडेतीन लिटर. फॅट सहा-आठ.
कोण बोलतंय?"

'सं' खोडला. जिवंत लिहिलं.
आणि समासात, कुणी विचारलं नसताना,
फॅट सहा-आठ.

दिवेलागणीला तिचाच फोन.
"काय चुकलं का ओ माझं?"
नाही अक्का, पाच वर्षं झाली, म्हणून.
"झाली व्हय?" थोडा वेळ काहीच नाही, मग बादलीचा आवाज.
"डावा हात सुजतोय तेवढा. धार उजव्यानंच काढती.
म्हशीला चालतंय."

अकरा रकान्यांत हात नाही.

"आता परत कधी फोन करणार?"
दहाव्या वर्षी, अक्का.
"तवा तुमीच असाल न्हवं?"

ह्याला काय लिहायचं असतं
ते मला कुणी शिकवलं नाही.
पान उलटलं.
जैबुन मुजावर, मिरज. वय एकतीस.
रिंग वाजते आहे.